तो हर्निया नव्हता

देवगड,
2 नोव्हेंबर 2025

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगायचं म्हणून तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पुण्यात थंडी पडली का विचारलं आणि ठेवून दिला. दिवाळीत तू चार दिवस घरी होतास. पहिल्या अंघोळीला तू तुळशीपुढे कारीट फोडत होतास तेव्हा शब्द ओठांवर आला होता, तोही परत गेला. म्हणून कागद घेतलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्यासारखं हे नाही, शिवाय माझ्या मोबाइलवर तुझी आई भजनं ऐकते.

तुझ्या उजव्या जांघेत, गेल्या वर्षीच्या टाक्यांच्या जरा खाली, बोटाच्या पेराएवढा पांढुरका जुना व्रण आहे. तो हर्नियाचा नाही. तू पाच वर्षांचा असताना, मे 2003 मध्ये, कोल्हापुरात तुझं उजवं वृषण खाली आणून बसवलं. जन्मतः ते पिशवीत उतरलंच नव्हतं, जांघेत अडकलं होतं. त्या ऑपरेशनला ऑर्किडोपेक्सी म्हणतात. हर्निया हे नाव आम्ही दिलं. आधी वाडीत सांगायला, मग शाळेच्या अर्जात लिहायला, मग तुला. पुढे पुढे तर मलाही तो हर्नियाच वाटायला लागला होता.

ओळखलं आजीने. पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तिला एक बाजू रिकामी लागली. ‘उतरतला आपसूक, माझ्या भावाचा पण तसाच होता,’ म्हणाली आणि विषय संपला. सहा महिने वाट बघणं बरोबरच असतं, बऱ्याच पोरांचं तेवढ्यात उतरतं. त्यानंतर मात्र सहसा उतरत नाही, आणि वर्ष-दीड वर्षाचं होईतो ऑपरेशन उरकायचं असतं. पिशवी अंगाबाहेर लोंबते ती उगाच नाही. वृषणाला अंगापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. आत अडकून राहिलं की शुक्राणू तयार करणाऱ्या बीजपेशी खराब होत जातात आणि मोठेपणी गाठ होण्याचा धोका वाढतो. आम्ही पाच वर्षं घालवली. एकदा आंब्याचा हंगाम आडवा आला, एकदा आजीचा पाय मोडला, आणि बाकी सगळा वेळ लाज.

मी विज्ञानाचा मास्तर. एकतीस वर्षं दहावीला शिकवलं. प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचून या, आकृती परीक्षेला येते’ म्हणायचो आणि पुढचा धडा काढायचो. ती आकृती फळ्यावर कधी काढली नाही. पोरं माना खाली घालून हसायची, मी हजेरीपट उघडायचो. अशा बापाच्या मुलाने आपल्याला गाठ लागली तर घरी कुणाला सांगावं?

गेल्या वर्षी गणपतीत मला संशय आला तो विहिरीवर. उघड्या अंगाने बसून कळशीवर कळशी ओतून घेणारा तू, चार दिवस बनियन घालून अंघोळ करत होतास. छाती दुखते, फुगल्यासारखी झालीय, हे पाचव्या दिवशी मी खोदून खोदून विचारल्यावर बोललास. खाली काहीतरी टणक लागतं, हे त्याच्याही नंतर. पुण्यात एका डॉक्टरांनी छातीचं चरबीवर घालवलं होतं, व्यायाम कर म्हणाले होते. दुसऱ्यांनी खालची सूज बघून जंतुसंसर्ग धरला आणि तीन आठवडे गोळ्या दिल्या. दोघांपैकी कुणी दोन गोष्टी जोडल्या नाहीत, कारण तू एकाला एक सांगितलीस आणि दुसऱ्याला दुसरी. तुला बोल लावत नाही. ही विद्या तू घरातच शिकलास.

आपल्या इथल्या डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवून खालून बॅटरी लावली होती, आठवतं? पाणी साठलेलं असलं, म्हणजे हायड्रोसील असलं, की पिशवी कंदिलाच्या काचेसारखी लालसर उजळते. तुझ्या गाठीतून उजेड आला नाही. ‘उद्याच्या उद्या सोनोग्राफी,’ एवढंच म्हणाले, विसर्जनालासुद्धा थांबू दिलं नाही.

उजव्या वृषणाच्या आत बावीस मिलिमीटरची भरीव गाठ निघाली. एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच हे गाठीचा माग देणारे रक्तातले तिन्ही मार्कर नॉर्मल आले तेव्हा तुझ्या आईने कुणकेश्वराला नारळ ठेवला. कोल्हापूरच्या सर्जननी मात्र तिथल्या तिथे सांगितलं, मार्कर नॉर्मल म्हणजे गाठ साधी, असा हिशेब नाही. इस्ट्रोजन, म्हणजे बायकांचं संप्रेरक, तेवढं वाढलेलं होतं. छातीचं कोडं तिथे सुटलं. मी विचारलं, आधी सुई टाकून तुकडा बघता येणार नाही का? ते म्हणाले, मास्तर, इथे ती चूक करायची नसते. वृषणाच्या लसिकावाहिन्या, म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या, पोटात मागे, महाधमनीच्या कडेच्या ग्रंथींकडे जातात. पिशवीच्या कातडीच्या जातात जांघेतल्या ग्रंथींकडे. पिशवीतून सुई घातली की रोगाला नसलेली वाट करून दिल्यासारखं होतं. म्हणून चीर जांघेत घ्यायची, वृषण ज्या दोरीवर लोंबतं ती वर चिमट्यात धरायची, मग ते अख्खं काढायचं आणि कापून बघायचं. हापूसमधला साका कापल्याशिवाय कळत नाही हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. गाठ लहान आणि मार्कर नॉर्मल असले तर कधी कधी टेबलावरच फ्रोझन सेक्शन करून, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासून, तेवढी गाठ काढतात, बाकीचं वाचवतात. तुझ्या बाबतीत तोही विचार झाला होता. पण गाठ ऐन मध्यावर होती आणि फ्रोझनवर खात्रीने बोलता येईना.

आता त्या दिवशीचं तुला माहीत नसलेलं. आदल्या संध्याकाळी फॉर्म भरताना सर्जननी जुना व्रण बघून विचारलं होतं, हे कशाचं? तू तोंड उघडायच्या आत मी ‘हर्निया’ म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन संपवून ते बाहेर आले ते सरळ माझ्याकडे. ‘वृषण आत टाक्याने बसवलेलं होतं. हर्नियात असं कुणी करत नाही. नक्की काय झालं होतं?’ शेजारी तुझा मामा बसला होता. मी त्यांना खिडकीपाशी घेऊन गेलो आणि खरं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, एकदा जांघेत ऑपरेशन झालं की लसिकांच्या वाटा बदललेल्या असू शकतात, म्हणून पुढच्या स्कॅनमध्ये पोटाबरोबर जांघेतल्या ग्रंथीही मुद्दाम बघायला हव्यात. आपल्या फाइलीत त्यांनी लिहून घेतलं. तुझ्या हातातली डिस्चार्ज समरी मात्र आधीच्या माहितीवर टाइप झाली, तिच्यात ‘हर्निया’ तसाच राहिला, आणि तो दुरुस्त करून घ्यायला मी गेलो नाही. ‘मुलाला सांगाल ना?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्याला वर्ष उलटून गेलं.

इतके दिवस निभावलं, कारण तपासण्या कोल्हापुरातच होत होत्या. आता रजा मिळत नाही म्हणून तू 14 तारखेला पुण्यातल्या नव्या डॉक्टरांकडे जाणार, आणि त्यांच्यासमोर ठेवणार ती समरी. म्हणून हे पत्र.

दिवाळीत तू विचारलंस, साधी गाठ होती ना, मग दर खेपेला सीटी कशाला? मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. वृषणाच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी बीजपेशींच्या असतात. तुझी त्यातली नाही. बीजनलिकांच्या मधल्या जागेत टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशी असतात, फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये त्यांचं वर्णन केलं. मी न काढलेल्या त्या आकृतीत नलिकांच्या मधे जे ठिपके द्यायचे असतात, त्या या. तुझी गाठ त्या पेशींची, वृषणाच्या शंभर गाठींत एक ते तीनच असणारी.

इतकी दुर्मीळ म्हणून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक परळला टाटामध्ये दाखवून घ्या म्हणाले. ब्लॉक म्हणजे काय ते तोवर पाहिलं नव्हतं. काडेपेटीहून लहान प्लास्टिकचं जाळीदार खोकं, त्यावर मेणाची वडी, आणि मेणात नखाएवढा पिवळट तपकिरी तुकडा. तो तुझा होता. बॅगेत टाकवेना. आंब्याच्या पेटीतला पेंढा स्टीलच्या डब्यात भरला, मध्ये ब्लॉक ठेवला, आणि कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर डबा मांडीवर घेऊन बसलो. टाटाच्या बाहेर फूटपाथवर सकाळीच माणसं फायली पोटाशी धरून बसलेली. एकाने मला विचारलं, ‘मरीज कौन है? क्या हुआ है?’ आणि मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, मेरे बेटे को अंडकोश में गांठ. हिंदीत सोपं गेलं.

तिथेही निदान तेच ठरलं. इनहिबिन आणि कॅलरेटिनिन या रंगचाचण्या पॉझिटिव्ह. गाठ पाच सेंटिमीटरच्या पुष्कळ आत, कडा स्वच्छ, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, मेलेल्या पेशींचे पट्टे नाहीत, पेशीविभाजन नगण्य. म्हणजे पुढेही गुपचूप राहण्याचीच शक्यता जास्त.

शेजारच्या अण्णांना तुझ्या मामाकडून कळलं तेव्हा ते पडवीत येऊन म्हणाले, ‘युवराज बरो झालो मा? मग झिलाक किमो दी.’ 2011 चा वर्ल्ड कप आपण शाळेच्या हॉलमध्ये पाहिला होता, 362 धावा आणि 15 विकेट. पण युवराजच्या छातीतली गाठ सेमिनोमा, म्हणजे बीजपेशींच्या घराण्यातली. त्या घराण्याला सिसप्लॅटिन हे किमोचं औषध असं लागू पडतं की पसरलेली गाठही बहुतेकदा बरी होते. इंडियानापोलिसच्या ज्या आइनहॉर्न डॉक्टरांनी 1974 पासून ते करून दाखवलं, त्यांच्याच देखरेखीखाली युवराजने उपचार घेतले. लायडिगच्या गाठीचं तसं नाही. दहातली एखादी पसरते, कधी काही वर्षांनी, आणि पसरली तर किमो नि रेडिएशन दोन्हींना फारशी दाद देत नाही. लवकर दिसली तर पोटातल्या ग्रंथी ऑपरेशनने काढता येतात. अण्णांना एवढं सगळं नाही सांगितलं. ‘त्याका किमो लागूच नाय’ म्हटलं, चहा दिला.

तर 14 तारखेला आत गेल्या गेल्या, समरीच्या आधी, सोबतचं कार्ड दाखव. जांघेचं सांग. टेस्टोस्टेरॉनची तपासणी राहिली असेल तर तीही विचार. आणि डावं वृषण महिन्यातून एकदा, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघत जा. एक बाजू न उतरलेली असली की दुसऱ्या बाजूलाही धोका किंचित जास्त असतो. मागच्या अंगाला मऊ दोरीसारखं लागतं ते एपिडिडिमिस, ते सगळ्यांनाच असतं, घाबरू नकोस.

गेल्या महिन्यात शेखरच्या बाळाला न्हाऊ घालताना काकी तेच म्हणाली, एक बाजू रिकामी लागते. ‘उतरतला’ असं कुणी म्हणायच्या आत मी बोललो, सहा महिने झाले की कोल्हापूरला दाखवा, वर्षाच्या पुढे नेऊ नका. न्हाणीघरापासून माजघरापर्यंत सगळ्या बायका गप्प. शेखरने मोबाइलमध्ये तारीख टाकून घेतली.

सावंतवाडीच्या स्थळाचं. आईचं म्हणणं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगता येईल. मला ते पटत नाही. मुलीला तू स्वतः सांग, तिच्या वडिलांना सांगायच्या आधी. एका वृषणावर संसार होतो, मुलं होतात. तुझा वीर्याचा रिपोर्ट चांगला आहे, तो तिला वाचायला दे. नको म्हणाली तर नको. आईशी मी बोलतो. रुसेल चार दिवस.

सोबत 2003 चं कार्ड ठेवलंय. आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाला होतं, डांबरगोळ्यांचा वास येईल. निळी शाई फिकी पडलीय, पण तिसऱ्या ओळीतला शब्द लागतो. तुझं वजन लिहिलंय, सोळा किलो. खाली सही माझी. हे मूळ कार्ड आहे, जपून ने. झेरॉक्स काढायला बाजारात गेलो होतो, पण दुकानात माझाच जुना विद्यार्थी बसला होता, तसाच परत आलो. तू पुण्यात काढून घे.

तुझा,
बाबा