संज्याला, व्हीआरमधल्या (व्हर्च्युअल रिॲलिटीतल्या) आवाजाबद्दल

संज्या,

तुझा मेसेज वाचला, "व्हीआरचं साउंड म्हणजे हेडफोनवर सराउंड मिक्स (चारी बाजूंनी येणारा आवाज), अजून काय वेगळं?" यावर चॅटवर भांडायचा कंटाळा आला म्हणून पत्रच लिहितोय, चहा घेऊन बस.

'ऑस्मोज' नावाची व्हीआर कलाकृती माहितीय का? शार डेव्हिस म्हणून कॅनडाची चित्रकार आहे, १९९५ साली मॉन्ट्रियलच्या म्युझियममधे तिने ती दाखवली. डोक्यावर हेडसेट, छातीला श्वास मोजणारं जॅकेट आणि हातात काहीच नाही. श्वास घेतला की वर तरंगायचं, सोडला की खाली, वाकलं की त्या बाजूला. बाई स्कूबा डायव्हिंग करायची, पाण्यात श्वासावर असंच वरखाली होता येतं ना, तिथून ही आयडिया. आत झाड, तळं, जंगल, जमिनीच्या पोटातली मुळं, आणि खूप खाली गेलं तर प्रोग्रामचा कोडच, ओळीच्या ओळी! (हे मला फार आवडतं.)

आता तुझ्या कामाचं. आवाजाचं काम डोरोटा ब्लाश्चाक आणि रिक बिडलॅक या दोघांचं. मूळ माल काय, तर एका बाईचा आणि एका पुरुषाचा आवाज, त्याच्या सँपल्समधून (रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांतून) सगळं घडवलेलं, आणि तू कुठे आहेस, कुठे वळलास, किती वेगात चाललायस यावर ते तिथल्या तिथे बदलत जातं. म्हणजे टाइमलाइनच नाही रे. सिनेमात तू ठरवतोस दार कधी कुरकुरणार, इथे माणूस दाराकडे फिरकलाच नाही आणि तळ्याशीच रमला तर? तू फक्त नियम लिहून ठेवायचे, मिक्स तो आपल्या अंगाने करणार.

आणि साधा सराउंड मिक्स हेडफोनवर लावलास तर मान वळवली की सगळं जगच मानेबरोबर फिरतं, भयंकर वाटतं. बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांत पोचण्यात फार तर ०.७ मिलिसेकंदाचा फरक, तेवढ्यावर मेंदू दिशा काढतो. पण बरोब्बर समोर आणि बरोब्बर मागे, दोन्हीकडे तो फरक शून्यच, म्हणून आपण नकळत मान हलवून खात्री करतो, आणि नेमकं तेव्हाच सिस्टीमने उशीर केला की संपलं.

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात तर २००७ पासून 'अवतार ऑर्केस्ट्रा मेटाव्हर्स' आहे, वेगवेगळ्या देशांतली माणसं अवतार घेऊन एकत्र वाजवतात. तिथे आवाजाची क्लिप बरीच वर्षं १० सेकंदांच्या वर चालायचीच नाही, तर यांनी तुकड्यातुकड्यांची वाद्यंच बनवली! आणि ऐकणारा जिथे उभा तिथलं त्याला ऐकू येणार, म्हणजे फायनल मिक्स कुठला हा प्रश्नच निकालात.

बरं, काम आहे. तुझ्याकडे पावसाची, पागोळ्यांची रेकॉर्डिंग्ज आहेत ना, ती पाठव. स्टिरिओ नको, मोनोच (एकाच चॅनेलची) पाठव, एकेक थेंब मला वेगळ्या जागी टांगायचाय. आणि रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) अजिबात लावू नकोस, तुझा हात शिवशिवतो माहितीय मला.

तुझा,
पक्या