रविवारच्या वाचन-बैठकीची आठवण

मंडळी, या वेळी दुसऱ्या लेखकाने कल्पिलेल्या जगात लिहिलेल्या कथा. अमेरिकन लेखक जॅक व्हान्स यांचं ‘द डाइंग अर्थ’ हे कथांचं पुस्तक १९५० साली आलं: विझत चाललेला लाल सूर्य आणि त्याखाली एकमेकांवर कुरघोडी करणारे जादूगार. त्याच जगात इतर लेखकांनी व्हान्सना मानवंदना म्हणून रचलेल्या कथांचा संग्रह, ‘साँग्ज ऑफ द डाइंग अर्थ’, २००९ मध्ये निघाला, व्हान्स हयात असतानाच. संपादक जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि गार्डनर डोझॉइस.

आधी मूळ पुस्तक वाचा, निदान पहिल्या दोन कथा तरी. नाहीतर मानवंदना कशाला आहे तेच कळणार नाही. संग्रहात प्रत्येक कथेनंतर लेखकाचं छोटं टिपण आहे, व्हान्सचं लेखन हाती कसं पडलं त्याबद्दल. ती गाळू नका. मला काही कथांहून तीच जास्त भावली. आवडलेला एक उतारा खूण करून आणा, मोठ्याने वाचू.