वजनाचं ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर लेख आला होता. माहिती ठीकच होती, पण हेडिंगमध्ये 'शॉर्टकट' घातलात ते खटकलं. गुहागर तालुक्यात माझं मेडिकल आहे, दिवसभर काउंटरवर असतो, शुगर झाली की लोक 'बिचारा' म्हणतात आणि जाड असला की 'खातोच तेवढं' म्हणून मोकळे होतात, तेही त्याच्या तोंडावर.

खाण्याचा संबंध नाही असं मी म्हणत नाही, पण सगळं तेवढ्यावर नाही. वजन उतरवायच्या एका अमेरिकन टीव्ही शोमधले 14 स्पर्धक 6 वर्षांनी पुन्हा तपासले, तो अभ्यास 2016 ला आला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत वाढलेलं, तरी त्यांचं शरीर आरामात असताना अंगकाठीच्या हिशोबाने जेवढ्या कॅलरी जाळायला हवी त्यापेक्षा दिवसाला साधारण 500 कमीच जाळत होतं. एवढ्यात एक जेवण होतं हो! आता अशा माणसाला 'जरा कमी खा' सांगून काय उपयोग?

त्यात जीन्सचा, म्हणजे जनुकांचा, भाग वेगळाच. जीन्स जन्मापासून तेच असतात, पण कुठला किती चालणार हे बदलत राहतं, पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यासारखं. 2024 ला झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच ऑपरेशनच्या पेशंटची चरबी तपासली, ऑपरेशनच्या आधीची आणि 2 वर्षांनंतरची. माणसं चांगली बारीक झालेली पण चरबीच्या पेशीतले बरेच जीन्स अजून जाडेपणीच्याच पद्धतीने चालत होते. उंदरांमध्ये तर जे आधी जाड होऊन मग बारीक झालेले, तेच परत तुपकट खाणं मिळाल्यावर इतरांपेक्षा लवकर फुगले. पेशी विसरतच नाहीत म्हणायच्या.

आणि ऑपरेशन म्हणजे नुसतं पोट लहान करणं असंही नाही. याच्या स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा जो भाग काढतात तिथेच भुकेचं घ्रेलिन हार्मोन जास्त बनतं. दुसरा प्रकार बायपास, हृदयाचं नव्हे, यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यानंतर जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन जास्त सुटतं, भूक लवकर भागते, बऱ्याच जणांची शुगर तर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. मग यात शॉर्टकट कुठे आला? पुढे बी12, लोह, कॅल्शियम जन्मभर सांभाळायचं असतं.

माझ्याकडे एक वहिनी येतात, मुंबईला बायपास झालंय, सासरी मात्र 'हर्नियाचं ऑपरेशन' सांगितलंय. गणपतीत आरतीला गेल्या, तिथे 'अगं बाप्पाचा प्रसाद, नाही म्हणू नये' करत दोन मोदक आणि वर वाटीभर खीर खायला लावली. अर्ध्या तासात दरदरून घाम, छातीत धडधड, हातपाय थरथरायला लागले. घरचे म्हणे नजर लागली! बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात, डॉक्टरने त्यांना आधी सांगितलेलंही होतं. पण तिथे चारचौघांत सांगणार कशा? सांगितलं असतं तर 'पोट कापून बारीक झाली' हे आरती संपायच्या आत वाडीभर झालं असतं.

ही लपवालपवी मला जास्त घाबरवते. गुडघे दुखतायत, कडक गोळी द्या म्हणून रोज कोणी ना कोणी येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बायपास झालेल्याला द्यायच्या नसतात, जोडाच्या जागी अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. पण समोरच्याने सांगितलंच नाही तर मला काय कळणार, टाके तर शर्टाखाली असतात. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांनी पेशंट गावी पाठवताना एक साधी मराठी चिठ्ठी द्यावी: कुठलं ऑपरेशन झालं, कुठल्या गोळ्या कायमच्या, कुठल्या अजिबात नाहीत, रक्त कधी तपासायचं. जाडजूड इंग्लिश फाइल इथे कोणी उघडत नाही, ती कपाटात जाते.

आणि ऑपरेशन झालेल्यांनी निदान मेडिकलवाल्याला तरी सांगा. चारचौघांत नको असेल तर दुपारी दीड-दोनला या, तेव्हा दुकानात कोणी नसतं.

आपला,
एक मेडिकलवाला, ता. गुहागर, जि. रत्नागिरी