महिने मोजू नकोस, टाच बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. तीन पानांत 'अजून' हा शब्द तू अकरा वेळा लिहिलायस, मोजले मी. अजून सुटा उभा राहत नाही, अजून धरून-धरूनच चालतो, अजून हात सोडला की बुडावर बसतो. आणि सही करून झाल्यावर खाली बारीक अक्षरात, 'बरोबरीची सगळी पोरं धावायला लागली रे.' ते वाचून मला हसू आलं, कारण हेच वाक्य सहाएक वर्षांपूर्वी मी बायकोला ऐकवलं होतं. 'मग तू पण धाव त्यांच्याबरोबर,' एवढंच ती म्हणाली होती.

म्हणजे बाळ साडेतेरा महिन्यांचं, क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत वळलेली पावलं, दोन्ही पायांना, प्लास्टरं वेळेवर झालेली, टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायूबंध, कापून मोकळी केलेली, आणि रात्रीची बूट-पट्टी न चुकता चालू. मग आधी आकडे घे. आकड्यांशिवाय तुला झोप लागत नाही हे मला शाळेपासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी मुलं सुटी चालायला लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. केवढी तफावत आहे बघ! एक पोर आठव्या महिन्यात, दुसरं सतराव्यात, आणि दोघंही ठणठणीत. पॉन्सेटी पद्धतीने, म्हणजे तुमच्यासारखीच प्लास्टरं आणि मग पट्टी, असे उपचार झालेली क्लबफूटची मुलं सरासरी चौदाव्या महिन्याच्या आसपास चालतात, म्हणजे इतरांच्या मागे महिना-दोन महिने. दीड वर्षापर्यंत बहुतेक सगळी मार्गी लागतात. आमचा मुलगा, उजव्या पायाला क्लबफूट असलेला, पंधराव्यात चालला. तुझ्या पोराला उशीर झालेलाच नाही, आणि तू तीन पानं काळी करून बसलास.

वहिनींना वाटतं की पट्टीनेच पाय जखडले. वाटणं साहजिक आहे. दोन बूट आणि मध्ये आडवा दांडा बघितला की कोणालाही बेडीच आठवते. पण हिशोब कर. शेवटचं प्लास्टर निघाल्यावर पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास पट्टी, आणि त्यानंतर फक्त झोपेत. म्हणजे तुमचं बाळ रांगायला, धरून उभं राहायला लागलं तेव्हापासून जागेपणी त्याचे पाय मोकळेच आहेत. उशीर झालाच तर पट्टीचा त्यात वाटा फार नाही. तिच्या बाबतीत हात आखडू नका, पुढे सांगतो का ते.

मला विचारशील तर चालण्यापेक्षा तोलाची गोष्ट जास्त समजून घेण्यासारखी आहे. आपण नुसते उभे असतो तेव्हासुद्धा शरीर सारखं किंचित पुढेमागे झुलत असतं. आपल्याला पत्ता नसतो, कारण घोटा ते तिथल्या तिथे सावरतो. डोळे, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र आणि तळव्यांतून, सांध्यांतून येणारी जाणीव, या तिघांच्या भरवशावर हे चालतं. क्लबफुटात डोळे आणि कान शाबूत असतात. कच्चा गडी असतो घोटा. तिथली हाडं आडवीतिडवी होती, ती प्लास्टरांनी हळूहळू जागेवर आणली. पोटरी बारीक राहते, टाचेमागची शीर कापून पुन्हा जुळलेली असते. मग पोर घोट्याचं काम गुडघ्यावर आणि कमरेवर ढकलतं. म्हणून ते उभं राहिलं की अख्खं हलतं, वाऱ्यावरच्या काठीसारखं. सरावाने घोटा शिकतो. पण त्याला शिकायला पडणं लागतं, आणि पोर पडायच्या आत धावत जाऊन धरणारा बाप त्याची शाळाच बुडवतो. हे मी स्वतःबद्दल लिहितोय. तुला लागू पडत असेल तर घे.

पहिली पावलं पडतील तेव्हा घाबरू नकोस, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तो पाय फाकवून, हात खांद्यापर्यंत वर धरून चालेल. सगळीच चालतात तशी. पाऊल टाच आधी न टेकता सपाट पडेल, तेही सगळ्यांचंच. टाच आधी टेकायची सवय पुढे येते, दीड-दोन वर्षांच्या सुमारास. तुमच्याकडे एक गोष्ट वेगळी दिसेल: चवडे बाहेरच्या बाजूला वळलेले. सर्कशीतला विदूषक चालतो तसं. क्लबफूटचं पाऊल पट्टीत ६० ते ७० अंश बाहेर वळवून ठेवतात, चांगलं असेल ते ३० ते ४०. तुमच्याकडे दोन्ही ६०-७०, म्हणजे ठुमका दोन्हीकडून. आत वळू पाहणाऱ्या पावलाला मुद्दाम थोडं जास्तच बाहेर नेलेलं असतं, आणि चालता चालता ते निवळतं. आमच्याकडे एका आजींनी 'एवढं औषधपाणी करून पाय उलटे वळवून घेतलेत' असं तोंडावर सुनावलं होतं.

आता माझी चूक. ही मी फार कोणाला सांगितलेली नाही.

आमचा अडीच वर्षांचा होता. छान चालत होता, धावत होता, त्याचा उजवा पाय कधी वाकडा होता हे नव्या माणसाला सांगूनही खरं वाटलं नसतं. त्याला ताप आला. तापात पट्टी काढली, पोराला बरं वाटेना म्हणून. ताप उतरला तरी दोन रात्री तो पट्टी पाहून रडला, आम्ही म्हटलं राहू दे आज. त्या 'आज'चे आठवडे झाले. पाऊल तर सरळ दिसतंय, आता कशाला छळायचं, असं आमचंच आम्ही ठरवलं.

एक दिवस त्याला आंघोळ घालून बाहेर सोडला आणि तो ओल्या पायांनी फरशीवरून पळाला. मी मागून टॉवेल घेऊन. फरशीवर ठसे उमटले होते. डाव्या पायाचे पूर्ण: टाच, बाहेरची कड, चवडा, पाच बोटं. उजव्याचे चवड्यापाशी गडद, बाहेरच्या कडेला एक जाड रेघ, आणि टाचेच्या जागी नुसता पुसट डाग. मी टॉवेल हातात धरून खाली बसलो. पुढचा ठसा बघितला, त्याच्या पुढचा बघितला. सगळे तसेच. दारापर्यंत सात ठसे होते उजव्याचे, सातही बिनटाचेचे, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक वाळत चालला होता.

डॉक्टरांनी गुडघा सरळ धरून पाऊल वर ढकललं. पूर्वी चवडा नडगीकडे १५ अंश सहज यायचा, आता काटकोनापाशीच अडत होता. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. पाऊल परत वाकडं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पट्टी सोडणं हेच, एवढंच म्हणाले. पुन्हा प्लास्टर, बोटांपासून मांडीपर्यंत, दर आठवड्याला नवं. आमचं तेवढ्यावर भागलं. काही मुलांना पुढे, तीन वर्षांनंतर, एक छोटं ऑपरेशन लागतं: पाऊल आत खेचणारा पुढचा एक स्नायूबंध उचलून पावलाच्या मध्याच्या जरा बाहेरच्या बाजूला जोडतात. आम्ही मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत पट्टी सोडली नाही. ताप आला तर डॉक्टरांना विचारून एखाद्या रात्रीची सुट्टी, पण दुसऱ्या रात्री गप्पा मारत मारत पुन्हा बूट.

म्हणून म्हणतो, भिंतीवर कॅलेंडर लावून महिने काय खोडत बसलायस? टाच बघ. आठवड्यातून एकदा ओल्या पायांनी फरशीवरून जाऊ दे त्याला. दुसरी खूण मला आणखी आवडते, कारण पोराला कळतही नाही की आपली परीक्षा चालली आहे. जमिनीवर काहीतरी पडलं की ते उकिडवं बसून उचलतं. त्या क्षणी मागून बघ. दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या असतील तर घोटे नीट वाकताहेत. एक टाच उचलली जात असेल, किंवा उभं राहिल्यावर गुडघा मागच्या बाजूला कमानीसारखा जात असेल, तर शीर आखडते आहे असं समज आणि दाखवून ये. आमचा सात वर्षांचा घोडा झाला तरी त्याची वही पडली की माझी नजर आपोआप टाचांवर जाते. त्याने एकदा पकडलं मला. 'बाबा, माझ्या पायाशी काय आहे?' म्हणाला.

करण्यासारखं फार नाही. घरात अनवाणी ठेव. तळव्याला जमीन कळली पाहिजे, आणि एकाच प्रकारची नाही: गादी, गवत, वाळू, चढ, उतार. वाळूत आमचा पहिल्या दिवशी चार पावलांत तीनदा पडला, आणि आठवड्याने तिथून हलायला तयार नव्हता. बाहेर साधे, मऊ तळाचे बूट पुरतात. दिवसा घालायच्या टणक, उंच, महागड्या बुटांनी पाऊल सुधारत नाही. आणि तो चाकांचा पांगुळगाडा, ज्यात पोराला मधे लोंबकळत ठेवतात, तो कोणी भेट दिला असेल तर माळ्यावर टाक. त्यात पोर चवड्यांवर रेटत जातं, म्हणजे आपल्याला नको तेच नेमकं, आणि तोल तर शिकतच नाही. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे, पडून होणाऱ्या इजांमुळे. मागे उभं राहून ढकलायची जड गाडी मात्र चालेल.

गाफीलही राहू नकोस हं. दीड वर्ष उलटूनही सुटा चालला नाही, अंग लुळं वाटलं, जमत असलेली गोष्ट करेनासा झाला, एकच बाजू वापरतो असं दिसलं, किंवा कमरेखाली मणक्यावर खळगा नाहीतर केसांचा पुंजका असेल, तर 'क्लबफुटामुळेच असेल' म्हणून सोडून देऊ नका. नुसत्या क्लबफुटाने पोर एवढं मागे पडत नाही. मग खुबे, मणका, स्नायू, नसा, सगळं तपासून घ्यायचं. आमच्या वेळी एकाने न तपासताच 'चालेल हो, घाई काय' म्हणून वाटेला लावलं होतं. सुदैवाने त्याचं खरं ठरलं, पण तपासून म्हणाला असता तर मी झोपलो असतो.

तू विचारलंस की हे पॉन्सेटी कोण. इग्नासियो पॉन्सेटी, १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेले, पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेलेले डॉक्टर. मोठमोठी ऑपरेशनं करून सरळ केलेली पावलं मोठेपणी ताठ होतात, दुखतात, हे त्यांनी बघितलं आणि हाताने हळूहळू वळवून प्लास्टर घालायची रीत बसवली. १९६३ मध्ये ती छापून आली, आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेक सर्जनांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पसरली ती बऱ्याच अंशी आईबापांनी एकमेकांना सांगून. तुझं-माझं हे पत्रही त्यातलंच समज. ३ जून, त्यांचा वाढदिवस, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

लोक तुला क्लबफूट असलेल्या खेळाडूंची यादी ऐकवतील. मला तिचा तेव्हा वैताग यायचा. माझं पोर दार धरून उभं राहायची मारामार, आणि हे मला विजेते सांगताहेत. पण त्यातलं एक नाव डोक्यात राहिलं. क्रिस्टी यामागुची जन्मतः क्लबफूटची, लहानपणी पायांचा व्यायाम म्हणून बर्फावर उतरली आणि १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्ण घेऊन आली. बोटभरही रुंद नसलेल्या पात्यावर, एका पायावर गिरक्या! आमच्या चिरंजिवांना उजव्या पायावर उभं केलं की सहा मोजेपर्यंत डुलतात, डाव्यावर वीसपर्यंत खांब. लंगडीत तो मुकाट्याने डावा पायच निवडतो. उजवी पोटरी बारीक आहे, उजवा बूट एक नंबर लहान लागतो, आणि हे असंच राहणार आहे. त्याला त्याचं काही नाही. मलाही आता फारसं नाही.

पुढच्या पत्रात एक काम कर. बाळाची दोन्ही पावलं ओली करून कागदावर उभा कर, वहिनींना धरायला सांग, आणि ठसे वाळायच्या आत त्यांच्या कडेने पेन्सिल फिरव. तो कागद घडी घालून पाठव. शेजारची पोरं काय करतात ते नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
बाकावरचा सोबती