उणे सात बेअरिंग

मा. संपादक,
स. न.

कंपनीचे सगळे विभाग एकाच सॉफ्टवेअरवर आणले की पुरवठा साखळी कशी सुरळीत होते आणि आपसातला संवाद कसा सुधारतो, यावरचा लेख आपल्या उद्योग पुरवणीत वाचला. लेखात संचालक बोलले आहेत, आयटीचे प्रमुख बोलले आहेत, सल्लागार तर भरपूर बोलले आहेत. स्टोअरमधलं, म्हणजे कारखान्याच्या कोठारातलं, कुणीच बोललेलं नाही. मी २७ वर्षं स्टोअर सांभाळते आहे. पहिली १४ वर्षं बिन कार्ड (प्रत्येक वस्तूची आवक-जावक लिहायचं कार्ड) आणि लेजरवर गेली, पुढची १३ ईआरपीवर, म्हणजे सगळ्या विभागांच्या त्या एकाच सॉफ्टवेअरवर. फायदा होतो हे मला मान्यच आहे, त्यावर वाद नाही. पण तो फायदा वरच्या मजल्यावरच्या डॅशबोर्डमधून येतो असं लेख वाचून वाटतं. तो गेटवर आणि रॅकपाशी तयार होतो, आणि बिघडतोही तिथेच.

आधीच्या काळातली एक संध्याकाळ सांगते. ३५-५२-७ मापाचे ऑइल सील, ६० नग हवे होते. दुसऱ्या पाळीचे फोरमन सात वाजता खिडकीशी आले. माझ्या बिन कार्डावर १२ शिल्लक. मी सांगितलं, बारा आहेत, घेऊन जा. त्यांनी प्लॅनिंगला फोन लावला. प्लॅनिंगने परचेसवाल्यांना घरी गाठलं. ते म्हणाले, माल कालच पोचला, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला होता मला. गेटच्या रजिस्टरात खरंच नोंद होती. खोका क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाच्या, रॅकमागे पडून होता, माझ्या टेबलापासून फार तर चाळीस फुटांवर, कारण तपासणी करणारा माणूस दोन दिवस रजेवर होता. तोवर प्लॅनिंगने दुसऱ्या व्हेंडरकडे (पुरवठादाराकडे) तातडीची ऑर्डर टाकली होती. लाइन पाच तास थांबली आणि आठवडाभरात आमच्याकडे दुप्पट सील जमा झाले.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये जे भांडण व्हायचं ते झालं. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की त्यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. गेटची वही बरोबर होती, माझं कार्ड बरोबर होतं, क्यूसीचं रजिस्टर बरोबर होतं, परचेसची फाइलही बरोबर होती. चार ठिकाणी चार खरी उत्तरं होती, आणि फोरमनला हवं असलेलं उत्तर त्यातल्या कुठल्याच एका ठिकाणी नव्हतं.

आता गेटवर पीओ नंबर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा नंबर, टाकल्याशिवाय माल आत येत नाही. एंट्री झाली की तो स्टॉकमध्ये ‘तपासणीत’ म्हणून दिसतो. क्यूसीने सोडला की ‘वापरण्यास मोकळा’ होतो. फोरमनला आपल्या जागेवरूनच दिसतं की ६० नग आलेत आणि कालपासून क्यूसीत अडकलेत. त्यामुळे तो मला विचारायला येत नाही, थेट क्यूसीला विचारतो, कधी सोडताय? संवाद सुधारला म्हणजे नेमकं काय झालं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. बोलणं वाढलं नाही, उलट कमी झालं. प्रश्न योग्य माणसाकडे जायला लागला. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे वाक्य आमच्या मीटिंगमधून जवळजवळ गेलं. (काही जणांची त्यामुळे फार पंचाईत झाली, पण तो वेगळा विषय.) अकाउंट्सचंही तसंच. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल हे तिन्ही जुळले की पेमेंट पुढे सरकतं. व्हेंडर आता ‘बिल कुठे अडकलंय’ म्हणून मला फोन करत नाहीत.

दुसरा फायदा लेखात एका ओळीत उरकला आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोठा आहे. शंभर नगांची गरज असली की पूर्वी प्लॅनिंग धास्तीने ११० मागायचं. मी माझे दहा टक्के चढवून १२१ करायची. परचेस म्हणायचं, खोका पन्नासाचा येतो, दीडशे मागवू. व्हेंडरला वाटायचं मागणी वाढली. तो त्या हिशेबाने कच्चा माल भरून ठेवायचा. पुढच्या महिन्यात शिल्लक बघून आम्ही ऑर्डर निम्म्यावर आणायचो आणि तो डोक्याला हात लावायचा. लाइनवरचा वापर मात्र दोन्ही महिने शंभरच. एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच हा प्रकार मांडून ठेवला होता. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरच्या ऑर्डरींत तेच दिसलं: बाळांचा वापर एकसारखा, कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र उसळ्या मारणाऱ्या. मुठीतला चाबूक जरासा हलवला की टोक जोरात फटकारतं, म्हणून त्याला बुलव्हिप म्हणतात. धास्ती न दिसण्यातून येते. स्टॉक किती, रस्त्यात किती, क्यूसीत किती, हे तिघांनाही एकाच वेळी दिसायला लागल्यावर माझे दहा टक्के मीच काढून टाकले. व्हेंडरला आमचं पुढच्या आठ आठवड्यांचं शेड्यूल दिसायला लागल्यावर त्याचेही गेले असणार, कारण त्याची डिलिव्हरी वेळेवर यायला लागली.

पण हे सगळं आकडा खरा असेल तरच. लेखात ‘९५ टक्के अचूकता’ असं कौतुकाने म्हटलं आहे. एक साधा हिशेब करून बघा. एका असेंब्लीला २० सुटे भाग लागतात. प्रत्येकाचा स्टॉक ९५ टक्के वेळा बरोबर आहे. तर वीसच्या वीस भाग खरोखर रॅकवर सापडण्याची शक्यता किती? ०.९५ ला स्वतःनेच वीस वेळा गुणा: जेमतेम ३६ टक्के. म्हणजे तीनातल्या दोन वेळा काही ना काही कमी पडणार. अचूकता ९९ टक्क्यांवर न्या, तीच शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास जाते. मधल्या चार टक्क्यांसाठी माझी दोन माणसं रोज सकाळी १५ आयटम मोजतात. महाग आणि जास्त फिरणारे दर महिन्याला, बाकीचे वर्षातून एक-दोनदा. सॉफ्टवेअर मोजत नाही, माणूसच मोजतो.

आमच्याकडे नवीन सिस्टिम सुरू झाली तेव्हा सल्लागारांनी ‘निगेटिव्ह स्टॉक’ची परवानगी चालू ठेवली होती. म्हणजे स्टॉक शून्य असला तरी माल इश्यू करता येतो, आकडा उण्यात जातो. उत्पादन अडू नये म्हणून, असं कारण. तिसऱ्या आठवड्यात स्क्रीनवर ६२०५ बेअरिंगचा स्टॉक उणे सात. मी रॅकपाशी जाऊन पाहिलं, १८ बेअरिंग होती. उणे सात बेअरिंग काही मला हाताला लागली नाहीत. चौकशी केली तर माल आलेला, वापरात गेलेला, आवक नोंदवायची राहिलेली. वर तेच बेअरिंग तीन वेगवेगळ्या कोडखाली, तीन नावांनी. एकात नुसता नंबर, दुसऱ्यात ‘बॉल बेअरिंग’ आधी लावलेलं, तिसऱ्यात कंपनीचं नाव चिकटवलेलं. दोन कोडवर स्टॉक असताना सिस्टिम तिसऱ्यावर नवीन खरेदी सुचवत होती. तिचं काय चुकलं? तिला तीन वस्तू सांगितल्या, तिने तीन धरल्या. कोड साफ करायला आम्हाला चार महिने लागले. निगेटिव्ह स्टॉक बंद करून घ्यायला मला सहा मीटिंग लागल्या. बंद केल्यावर पहिला आठवडा सगळ्यांनी मला शिव्या दिल्या, पण गेटवरच्या एंट्री वेळेवर व्हायला लागल्या.

एककाचा घोळ तर विचारू नका. केबल ५० मीटर हवी होती. इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, ५० लिहिलं. आयटमच्या मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या त्याच्या मूळ नोंदीत, खरेदीचं एकक मीटरऐवजी ‘गुंडाळी’ ठेवलं गेलं होतं, आणि एक गुंडाळी शंभर मीटरची. मंजुरीच्या पाच पायऱ्या होत्या. पाचही जणांनी मोबाइलवर हिरवं बटण दाबलं. ट्रक आला तेव्हा गेटवरच्या पोराने मला फोन केला, मॅडम, एवढी केबल कुठं उतरवू? पन्नास गुंडाळ्यांचं काहीतरी विचित्र आहे हे पाच साहेबांच्या मंजुरीनंतर फक्त त्याला वाटलं.

अशा गोष्टी आमच्यासारख्या मध्यम कारखान्यातच होतात असं नाही. हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेटची मोठी कंपनी. १९९९ मध्ये नवीन सिस्टिम सुरू केली ती नेमकी हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर. माल तयार होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पाठवता आल्या नाहीत. जर्मनीतल्या लिडल या किरकोळ विक्रीच्या साखळीने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घातल्यावर २०१८ मध्ये आपला प्रकल्प गुंडाळला. तिथला एक गाजलेला मुद्दा अगदी आमच्या स्टोअरच्या भाषेतला आहे: लिडल स्टॉकची किंमत खरेदीच्या दराने धरत आली होती, तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या दराने धरत होतं. कंपनीला आपली पद्धत सोडायची नव्हती, मग सॉफ्टवेअरच वाकवत बसले. एवढ्या साध्या प्रश्नावर एवढी मोठी माणसं अडकतात हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं होतं.

लेखात ‘कर्मचाऱ्यांचा विरोध’ असा शब्द आला आहे, त्यावर मात्र माझा आक्षेप आहे. आमच्या फोर्कलिफ्टवाल्याला सुरुवातीला स्कॅनर नको होता, हे खरं. कारण काय, तर सिस्टिम सांगायची माल ए-०४ च्या तिसऱ्या खणात ठेव आणि तो खण आधीच भरलेला असायचा. तो रिकाम्या खणात ठेवायचा, आणि शोधाशोध आमच्या गळ्यात. त्यानेच सुचवलं की आधी खण स्कॅन करू दे, मग खोका. मी जिथे ठेवीन तीच जागा धरा. आयटीने दोन दिवसांत बदल करून दिला. सल्लागार मंडळी आमच्याकडे ११ आठवडे होती, त्यातली स्टोअरच्या वाट्याला एक दुपार आली होती. त्या दुपारी फोर्कलिफ्टवाल्याला कुणी काही विचारलं असतं तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती.

आणि विरोध म्हणायचाच तर तो वरूनही होतो. प्लॅनिंगचे साहेब अजून आपली एक्सेलची शीट वेगळी ठेवतात, ‘खरी’ शीट म्हणून. तातडीचे बदल व्हॉट्सअॅपवर येतात आणि सिस्टिममध्ये दुसऱ्या दिवशी. तिन्ही पाळ्यांच्या स्टोअरकीपरना मिळून एकच लॉगिन दिलं होतं, लायसन्स वाचवायला. मग चुकीची एंट्री कुणाची, हे शोधायला मी पुन्हा हजेरीपत्रक घेऊन बसायची. ती भांडणं गेल्या वर्षी तिघांना वेगवेगळी लॉगिन मिळाल्यावर मिटली. एक्सेलची शीट अजून आहे.

तेव्हा पुढचा लेख लिहिण्याआधी लेखकांनी कुठल्यातरी स्टोअरच्या खिडकीशी, पाळी बदलताना, अर्धा तास उभं राहावं अशी विनंती आहे. आमच्याकडे आले तरी चालेल. उभं राहायचं नसेल तर बसायला केबलच्या गुंडाळ्या आहेत. त्यातल्या ३१ अजून शिल्लक आहेत, कालच मोजल्या.

आपली,
एक स्टोअरप्रमुख