कंपनीच्या बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं?

चिरंजीव बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, पस्तिशीत कुठले आले नवे मित्र? जे व्हायचे ते शाळा-कॉलेजात होऊन गेले." तेवढ्यात छकुलीने फोन घेतला आणि विषय तिच्या पडलेल्या दातावर गेला. पण तुझं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. असल्या गोष्टी फोनवर नीट बोलून होत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

कोइमतूरला तुझं बस्तान बसलंय. नोकरी चांगली आहे, घर चांगलं आहे. तरी चार दिवसांची सुट्टी मिळाली की तू नाशिक गाठतोस. तू येतोस याचा आम्हाला किती आनंद होतो हे सांगायला नको. रंगपंचमीला तू, सिडकोतला तुझा मित्र आणि मखमलाबादचा तो द्राक्षबागवाला, तिघं तिवंधा चौकातल्या रहाडीवर गेलात. पेशवाईपासूनची ती रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, वर्षभर बुजवलेली, त्या एका दिवशी उघडते. सोवळ्यात असल्यासारखी तिची पूजा होते आणि मग त्या रंगात धप्पा, म्हणजे उडी, मारायला पोरं रांगा लावतात. तुम्ही तिघं पिवळेजर्द होऊन घरी आलात. विमानात बसलास तेव्हाही तुझ्या नखांच्या कडांना तो रंग होता. तो रंग निघू नये असंच तुला वाटत होतं, हे मला दिसत होतं.

माझं म्हणणं या मैत्रीविरुद्ध नाही. तिला कधी बाधा येऊ नये. पण वर्षातून दोन-तीनदा मिळणाऱ्या दिवसांवर उरलेलं सगळं वर्ष काढता येत नाही. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसात काही बिनसलं, छकुलीला रात्री ताप भरला, किंवा उगीचच जीव उदास झाला, तर त्या गावात दार वाजवावं असं एखादं घर तुला हवं. ते घर तुला मिळेल असं मी खात्रीने म्हणतो, कारण मी ते मिळवलेलं आहे, आणि तेही ऐन पस्तिशीतच.

मी मुंबईला बदलून गेलो तेव्हा तू दुसरीत होतास. बिऱ्हाड हलवायचं नाही असं ठरलं आणि पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. १९७५ साली सुरू झालेली ही गाडी म्हणजे नाशिक, मनमाडच्या नोकरदारांची जीवनवाहिनी. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला चढायचं, पावणेअकराच्या आसपास सीएसटी. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. डब्यात प्रत्येकाची जागा ठरलेली. पहिले काही दिवस मी खिडकीबाहेर बघत बसायचो. मग एकदा समोरच्या जेलरोडच्या काकांनी डबा उघडला आणि काही न विचारता माझ्या हातावर मेथीचा पराठा ठेवला. पुढच्या दिवशी आईने दिलेल्या थालीपिठाचा तुकडा मी त्यांना दिला. एवढीच सुरुवात. त्या डब्यात पुढे काय काय झालं म्हणून सांगू! बायका परतीच्या गाडीत भाजी निवडायच्या, कोणाचं प्रमोशन झालं की पेढे, दसऱ्याला गाडीला झेंडूच्या माळा. कसाऱ्याला घाट चढायला मागून बँकर इंजिनं जोडत, तेवढी मिनिटं आम्ही खाली उतरून पाय मोकळे करायचो, आणि दिवसभर पोटात ठेवलेलं कोणी ना कोणी तिथे बोलून टाकायचं.

तुझे आजोबा गेले तो दिवस तुला अर्धवट आठवत असेल. सकाळपासून माझे लहानपणचे मित्र वाड्यात होते. गोदाघाटावर ज्यांच्याबरोबर पोहायला शिकलो, तीच माणसं. मला काही सांगावं लागलं नाही. कोणाला फोन करायचा, गुरुजी कोण, अमरधामला कोणी पुढे जायचं, सगळं त्यांनीच केलं, कारण अण्णा त्यांचेही अण्णाच होते. रात्री दहाच्या सुमारास दारात रिक्षा थांबल्या. पंचवटीतून उतरून गाडीतली मंडळी घरी न जाता थेट आली होती. त्यातल्या बहुतेकांनी आपलं घर कधी पाहिलेलं नव्हतं, विचारत विचारत आले. ओट्यावर ऑफिसच्या बॅगा ओळीने ठेवल्या आणि माझ्याभोवती बसले. अण्णांना त्यांच्यापैकी कोणी ओळखत नव्हतं. ते फक्त माझ्यासाठी आले होते. माझ्या जुन्या मित्रांनी त्यांना चहा केला. त्या रात्रीपासून ही दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखतात, आणि आजही जेलरोडचे काका नाही दिसले तर माझा शाळेतला मित्र माझ्याकडे त्यांची चौकशी करतो.

म्हणून, नव्या माणसाला जागा दिली की जुन्याची जागा कमी होते हे तुझ्या मनात कुठेतरी बसलंय, ते काढून टाक.

आता तू म्हणशील, वेळ कुठे आहे. हा प्रश्न खरा आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी यावर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, खरा मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. शिवाय नुसतं शेजारी बसून काम करण्यात गेलेल्या तासांनी जवळीक तेवढी वाढत नाही. गप्पा, खाणं, भटकणं यांतल्या तासांनी वाढते. शाळा-कॉलेजात हे तास आपसूक पडत होते, म्हणून तुला वाटतं की मैत्री त्या वयातच होते. वयाचा त्यात फारसा वाटा नाही. आमच्या गाडीत जातायेता रोज सात तासांच्या वर जायचे. सकाळच्या डुलक्या वजा केल्या तरी २०० तास भरायला फार महिने लागले नसतील. आणि त्यातला एक तासही आम्ही वेगळा काढला नव्हता. तो वेळ जाणारच होता.

तुझाही जातोय. कंपनीची बस तुला जाऊन-येऊन दीड-दोन तास घेते असं तूच सांगितलंस. आणि बसमध्ये चढताच सगळे कानात इअरफोन घालतात, हेही तूच सांगितलंस. बाळा, ते इअरफोन निदान परतीच्या वाटेवर काढ. रोज त्याच जागेवर बस. शेजारी जो कोणी असेल त्याला त्याचं गाव विचार, तो घरी जाऊन काय जेवणार आहे ते विचार. तमिळ अडतं म्हणतोस, तर त्यालाच दोन शब्द शिकव म्हण. शिकवायला सांगितलेलं माणसाला आवडतं. काही दिवसांनी शनिवारी सकाळी रेसकोर्सच्या रस्त्यावर फिरायला येतोस का, असं विचार. दिवस आणि वेळ ठरवून विचार. "भेटू या कधीतरी" हे वाक्य मोठ्या माणसांच्या निम्म्या मैत्र्या खाऊन टाकतं. आणि एकदा ठरलं की पाऊस असो, कंटाळा असो, जा. भेट एकदा सुंदर होण्यापेक्षा ती पुन्हा पुन्हा होण्यात सगळं आहे.

तुझ्या स्वभावातली एक गोष्ट मला माहीत आहे. नवीन माणसाशी बोललास की घरी येऊन "मी फार बोललो का, त्याला कंटाळा आला असेल का" असं तुला वाटत राहतं. लहानपणीही वाटायचं. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. पहिल्या संभाषणानंतर, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं खऱ्यापेक्षा कमीच करतात. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. तेव्हा तुझ्या शेजारच्यालाही घरी जाऊन तसंच वाटत असणार, हे धरून चाल.

मराठी माणसंही शोध, त्यात काही वावगं नाही. सांगली जिल्ह्यातले, विटा-खानापूर-आटपाडीकडचे सोनं गाळणारे गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत जागोजागी स्थायिक आहेत. गणपतीत त्यांच्याकडे जा. पण तेवढ्यावर थांबू नकोस. तू राहतोस त्या गावातलं माणूस तुझं झाल्याशिवाय ते गाव तुझं होणार नाही.

सूनबाईबद्दलही लिहायचं आहे. तू मित्र नाहीत म्हणतोस तेव्हा तुझं सगळं ऐकून घ्यायचं काम तिच्या एकटीवर पडतं, आणि तिचं सगळं तुझ्यावर. कितीही प्रेम असलं तरी दोन माणसांनी एकमेकांना सगळ्या जगाइतकं पुरावं ही अपेक्षा जड आहे. तिला तिच्या मैत्रिणी होऊ देत. आठवड्यातली एक संध्याकाळ छकुलीला तू सांभाळ आणि तिला बाहेर पाठव. हे मी सासरा म्हणून सांगतोय, ते तिलाही वाचून दाखव.

आता जुन्या मित्रांकडे येतो, कारण त्यांची काळजी मला जास्त आहे. तुम्हा तिघांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, त्यावर रोज काहीतरी पडतं, म्हणून मैत्री चालू आहे असं तुला वाटतं. मखमलाबादच्या पोराची बाग यंदा अवकाळीने झोडपली, मणी तडकले, हे तुला माहीत होतं का? मला ते मंडईत कळलं. तुला त्याने सांगितलं नाही, कारण ग्रुपवर असलं कोणी लिहीत नाही. त्याला एकट्याला फोन कर. काही निमित्त नको. पेगी लिऊ यांच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं की बऱ्याच दिवसांनी, काही कारण नसताना कोणी आठवण काढली तर समोरच्याला त्याचं किती अप्रूप वाटतं, याचा अंदाज आठवण काढणाऱ्याला नसतो. जितकं अनपेक्षित, तितकं त्याला जास्त भिडतं.

आणि भेटलात की दहावीच्या बाकावरच बसून राहू नका. सरांच्या नकला, कॉलेजरोडचे किस्से हे सगळं गोडच आहे, पण तो पोरगा आता दहा एकरांचं कर्ज डोक्यावर घेऊन उभा आहे आणि सिडकोतला तुझा मित्र वडिलांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जातो. त्यांना आज काय चाललंय ते विचार. जुना मित्र जुनाच राहिला पाहिजे असा आग्रह धरला की तो हळूहळू आपल्याला सांगायचं थांबवतो. जुन्या मित्राकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही. माझ्या आईचा आवाज, ती वाड्याच्या गॅलरीतून मला कशी हाक मारायची, हे माझ्याशिवाय आता फक्त माझ्या शाळेतल्या दोघांना आठवतं. ते बोलले की ती हाक मला ऐकू येते. ही संपत्ती आहे, आणि ती फोन न केल्याने विरते.

नव्या मित्राकडून वेगळंच मिळतं. निवृत्त झाल्यावर मी सार्वजनिक वाचनालयात नियमाने जाऊ लागलो. १८४० पासून चाललेली संस्था, पण मला तिथे एक माणूस मिळाला हे माझ्या दृष्टीने मोठं. ओझरच्या कारखान्यात आयुष्य काढलेले, आता पक्ष्यांच्या मागे लागलेले. त्यांनी मला थंडीत नांदूर मध्यमेश्वरला नेलं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं ते ठिकाण. इथून तासाभराच्या वाटेवर, आणि मी आयुष्यभर त्याच्या जवळून गाड्या पळवल्या. त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून हाताने माझी मान वळवली आणि म्हणाले, "ती उडाली बघा, चक्रवाकाची जोडी." नारिंगी-तपकिरी अंग, पंखांवर पांढरं. शाळेत संस्कृतच्या तासाला ऐकलेलं नाव, प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिलं. साठी उलटल्यावर एवढं कोवळं कुतूहल मला कोणी दिलं असतं? माझ्या जुन्या मित्रांना आता मी पक्ष्यांची नावं सांगतो. परवा त्यातला एक म्हणाला, पुढच्या खेपेला मलाही न्या.

दिवाळीला येशील तेव्हा एकटा येऊ नकोस. बसमधला कोणी तयार झाला तर त्यालाही कुटुंबासकट घेऊन ये. पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर गाणं ऐकू, मग मिसळ खायला जाऊ. काळ्या मसाल्याचा रस्सा त्याला सोसेल का ते आधी विचारून ठेव, दही जास्त मागवू. राहायला वरची खोली मोकळी आहे. तुझ्या दोघा मित्रांना मी आताच सांगून ठेवतो.

आईने चिवड्याची दोन पाकिटं कुरिअर केली आहेत. एक घरात ठेव. दुसरं बसमध्ये फोड.

सूनबाईंना आशीर्वाद. छकुलीला गोड पापा, आणि पडलेला दात तिने कुठे ठेवला ते कळव.

तुझा,
बाबा
पंचवटी, नाशिक