तू दोन टाइम पाणी घातलं होतं

प्रिय रुखमे,

लई दिवसांनी लिहितेय, दिवस कसले वर्षं झाली, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. लाइट गेलीय, शेडनेटच्या बाहेर बाज टाकून मोबाइलवर टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घे. घरचे सगळे ठीक, नानीचा गुडघा तसाच, माझी शुगर बरीय. आता मूळ गोष्ट सांगते नाहीतर माझा धीर जाईल.

२०१७ च्या उन्हाळ्यात आपल्या बायांच्या गटाचे रोपांचे ६० ट्रे मेले तेव्हा तू म्हणली होती, "इंदे, मी रोज दोन टाइम पाणी घातलं गं." आणि मी सगळ्या बायांसमोर म्हणले होते की घातलं असतं तर रोपांनी माना कामून टाकल्या असत्या. रुखमे, तू घातलं होतं. तू खरं बोलत होती. आणि रोपं त्या पाण्यानंच मेली.

हे मला मागच्या मंगळवारी कळलं. झालं असं, की अंबडला भाचीचं लग्न होतं, चार दिवस गेले. औंदा आपलेच १२० ट्रे आहेत मिरचीचे, ९८ कप्प्यांचे, पाणी घालायचं काम पप्याकडं दिलं. गुणी लेकरू ते, झारी घेऊन सकाळ-संध्याकाळ इमानदारीनं घातलं. मी आले तर नेटच्या पश्चिमेकडचे ट्रे निजलेले. मी ओरडले, पाणी नाही घातलं का रे? तर रडायला आलेलं ते, म्हणलं, "आई, दोन टाइम घातलं गं, देवाशपथ." शब्दाला शब्द तोच, तू म्हणली होती तसाच. माझे हातपायच गळाले. पप्या खोटं बोलत नाही हे मला माहितेय, मग तू बोलत होती असं मी कशावरून ठरवलं होतं?

मग मी एक ट्रे उचलून पाहिला. अगं माय, पाण्याच्या घागरीसारखा जड. कोकोपीटवर, म्हणजे कप्प्यातल्या नारळाच्या भुश्यावर, हिरवा बुरा चढलेला, वर बारीक काळी चिलटं उडत होती. रोप उपटलं तर मातीलगतची दांडी पाणी-पाणी झालेली, दोऱ्यासारखी बारीक, आणि मुळं पांढरी राहिलेलीच नाहीत, तपकिरी झालेली आणि ओढली की साल हातात येती. त्या वर्षी आपण एक तरी ट्रे उचलून पाहिला होता का गं? वरून पान लोंबलं की आपल्याला एकच कळतं, तहान लागली. आणि अजून झारी आणायची.

नानी तिथंच उभी होती, तिनं रोप हातात घेऊन पाहिलं आणि म्हणली, "हे उपाशी नाही गं बाई, याचं पोट फुगलंय." पप्या रडता रडता हसलं.

खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात फोटो घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी नीट बसवून सांगितलं. मुळाला पाणी लागतं तशीच हवा लागते. त्या कप्प्यात मुठीभरसुद्धा कोकोपीट बसत नाही, ते कायम भिजलेलं राहिलं की हवेला जागाच उरत नाही, मूळ गुदमरतं, कुजतं, आणि मूळच मेलं तर पाणी ओढायचं कुणी? म्हणून पाण्यात उभं असलेलं रोप तहानल्यासारखं दिसतं. आणि ओल्यात ती बुरशी वाढती, पिथियम म्हणतात, ती दांडीला मातीलगत खाती. मला ऐकताना आपले आबा आठवत होते. पाऊस पडून गेला, शेजारी तिफण घेऊन निघाले, तरी आबा बांधावर बसून राहायचे, वाफसा आला नाही म्हणायचे. ढेकूळ हातात घेऊन दाबायचे, बोटाला चिकटलं तर घरी. काळं रान पाणी धरून ठेवतं, त्यात वारा शिरल्याशिवाय पेरायचं नाही, हे आपण दोघींनी इतकी वर्षं पाहिलेलं. तेच कप्प्याला लागू आहे हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही याचं लई वाईट वाटतंय.

आणि तुला कामून दोन टाइम घालावं वाटत होतं तेही मला आता कळतंय. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ ला, तुझ्या माहेरी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तू सांगायची ना, तुझी आई भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालायची. त्याच्यानंतर विहिरीला पाणी लागलं तर माणूस हात आखडता कसा घेईल? तू लेकरांना दूध पाजावं तसं पाणी पाजत होती. आणि मी तुला कामचुकार म्हणले.

अजून एक गोष्ट, ती सांगायलाच पाहिजे. गोठ्यामागच्या खोलगट जागेत ट्रेखाली निळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आठवतो? तो मी अंथरला होता. खालची माती ट्रेला लागू नये म्हणून. कप्प्याच्या बुडाच्या भोकातून पाणी जायला वाटच नव्हती, ते कागदावर साचून राहायचं. तू नुसतं पाणी घातलं, तळं माझ्यामुळं झालं. हे बायांना कुणालाच माहीत नाही.

असो, औंदाचं सांगते. ३८ ट्रे गेले, ८२ वाचले. मेलेली रोपं कोकोपीटसकट लांब नेऊन पुरली, उकिरड्यावर नाही टाकली. बाकीचे ट्रे विटांवर पाट्या ठेवून त्यावर मांडले, खालून वारा खेळतो. नेटच्या बाजू गुंडाळून वर केल्या. दीड दिवस पाण्याचा थेंब नाही. पप्याला लई जड गेलं, दर तासाला विचारायचं, आता घालू का. मग परभणीहून विद्यापीठाचं बायोमिक्स आणलं होतं, रोगाच्या बुरशीला दाबणारं जैविक औषध, ते पाण्यात कालवून एकदा दिलं. आता पाणी फक्त सकाळी, तेही ट्रे उचलून हलका लागला तरच, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. कडेचे ट्रे लवकर सुकतात, मधले उशिरा, सगळ्यांना सारखं घालायचं नाही. पप्याचं बोट आता लई तयार झालंय, बोट घालून सांगतं याला आज नको.

पण जीव अजून थाऱ्यावर नाही, कारण उद्या लागवड. रोपं ३८ दिवसांची झाली, अजून ठेवली तर मुळं कप्प्यात गोल गोल फिरून गुंडाळतात आणि मग रानात पसरतच नाहीत. आणि ऊन तर तुला माहितेय मे महिन्याचं. मागच्या साली एका घरी आपली रोपं दिली होती, त्यांनी भर दुपारी लावली, बेडवर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद तव्यासारखा तापलेला, दांड्या कागदाला टेकल्या तिथं भाजल्या. वर घाबरून रात्रभर ड्रिप चालू ठेवलं. पंधरवड्यात निम्मं रान मोकळं. पैसे मी निम्मे परत केले पण त्या बाईचं तोंड डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून आठवडाभर तयारी चाललीय. नेट हळूहळू काढत आणली, आधी सकाळचं ऊन, मग चारपर्यंत, आता पूर्ण. पाणी थोडं ताणलं. बेड आज सकाळीच भिजवलेत, उद्या वाफशावर येतील, कागदाची भोकं मोठी केलीत. चार वाजल्यानंतर लावायचं. लावायच्या दोन-तीन तास आधी ट्रे ओले करायचे म्हणजे मुळाचा गड्डा आख्खा सुटतो, दांडी धरून ओढायचं नाही, खालून बोटानं ढकलायचं. कप्प्यात होतं तेवढंच खोल लावायचं. आणि जाऊबाईंना मी दहादा सांगितलंय की माती दांडीला आवळून दाबू नका, तरी त्या अंगठ्यानं असं दाबतात की जणू पोस्टाचा शिक्का मारायलात. (तुझी आणि त्यांची हळदीच्या बेण्यावरून झालेली ती भांडणं आठवून काल मी एकटीच हसले.)

मला भीती लागवडीची नाही, नंतरच्या दोन दिवसांची आहे. दुपारी रोपं मान टाकणारच, मूळ नव्या मातीला लागेपर्यंत ती टाकतात. संध्याकाळी उचलली तर सगळं ठीक. ते चार-पाच तास बांधावर हात बांधून बसायचं आणि ड्रिपचा कॉक फिरवायचा नाही, रुखमे, हे कुणाला सांगून कळत नाही. तुला कळेल म्हणून तुला लिहितेय.

तुझ्या पोरीचा दहावीचा निकाल लागला का? मेसचं काम झेपतं का, आता किती डबे आहेत? भाऊजींचा ओव्हरटाइम चालू झाला असं मीराकडून कळलं, बरं झालं.

एक तारखेला गटाची मीटिंग आहे. मी उभी राहून सांगणार आहे, कागदाचंही. तुझ्या वाट्यातले १,२०० रुपये तेव्हा कापले होते, ठराव मीच मांडला होता. ते गट देवो न देवो, मी देणार. फोनवर पाठवू का हातात देऊ ते तूच सांग. हातात घेणार असशील तर पहिल्या तोड्याला ये, पिंपळगाव रेणुकाईच्या मार्केटला सोबत जाऊ, पूर्वी टेम्पोत पोत्यांवर बसून जायचो तसं.

लाइट आली. पप्या बोलावतंय, मधल्या ओळीतले ट्रे उचलून बघ म्हणतंय.

तुझी
इंदू